थुंकीची पारख

गालावर आपटली ती लाळ होती, बेडका नव्हता, हे ताईला न बघताच कळलं. पातळ, फेसाळ, नुकतंच कोल्ड्रिंक ढोसलेल्या कुणा पोराची असणार. बेडका असता तर ओघळला नसता, चिकटून बसला असता. तिने बास गिटारवरचा हात न थांबवता खांद्याला गाल पुसला आणि पुढच्या ओळीला बरोब्बर येऊन मिळाली. शी! रविवारची दुपार, स्केटिंगचा बंद हॉल, पाचशे पोरंपोरी, आणि एकूण एक थुंकताहेत. बरं, रागाने थुंकत असती तर गोष्ट वेगळी. ही सगळी प्रेमाने थुंकत होती.

मध्ये तिचा धाकटा भाऊ. त्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणत. गळ्यात गिटार, अंगात महिनाभर न धुतलेला शर्ट, आणि तोंडाने 'तुमच्या बापाचं काय जातं' हे गाणं, म्हणजे बोंबच. त्याच्या केसांतून थुंकी निथळत होती. मागे ड्रमवर पिंप. सुरुवातीला ड्रम घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा तो रंगाची तीन रिकामी पिंपं बडवायचा, आणि देहयष्टीही त्याच वळणाची, म्हणून हे नाव त्याला दोन्हीकडून चिकटलं. मागे बसत असल्यामुळे त्याच्यापर्यंत फारसं काही पोहोचत नसे. "मला कुणी विचारतच नाही गं," असं तो वर तोंड करून म्हणायचा.

तिघांच्या या बँडचं नाव 'उकिरडा'.

सोमवार ते शुक्रवार ताई सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये थुंकी तपासायची. अकरा वर्षं तेच काम. डबी उघडायची, काडीने त्यातला घट्ट भाग उचलायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा, आचेवर धरायचा, लाल रंग, मग ॲसिड, मग निळा रंग. मग डोळा भिंगाला लावून निळ्यात लाल काड्या शोधायच्या. दिसल्या की टीबी. किती दिसल्या त्यावरून एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. दिवसाला पंचवीस-तीस काचा. प्रत्येक पेशंटला तेच वाक्य: "लाळ नको, बेडका हवा. खोल श्वास घ्या, छातीतून काढा." म्हणजे पाच दिवस लोकांची थुंकी डबीत घ्यायची आणि उरलेले दोन दिवस तोंडावर. आई म्हणायची, "तुझ्या पत्रिकेतच कुणीतरी थुंकलेलं दिसतंय."

हे थुंकण्याचं खूळ आलं कुठून तेही ऐकण्यासारखं आहे. तीन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कामगारांच्या मेळाव्यात यांना कुणीतरी चुकून बोलावलं. तिसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतला एक वयस्क फिटर उठला, पुढे आला, आणि धाकट्याच्या तोंडावर पचकन थुंकला. धाकट्याने गाणं थांबवलं, उलट थुंकला, आणि तेच गाणं पहिल्यापासून दुप्पट जोराने सुरू केलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढच्या कार्यक्रमाला पोरं तयारीनेच आली. त्या बिचाऱ्या फिटरचं काय चुकलं होतं? त्याला आवडलं नाही, तो थुंकला. तीन वर्षांत अंगावर पडलेल्या बादलीभर थुंकीत तेवढी एकच प्रामाणिक होती, असं ताई नंतर म्हणायची.

मग उगवला गॉगल. हा स्पीकर भाड्याने देणारा इसम, घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचा. त्याने तिघांना समोर बसवून सांगितलं, "याला पंक म्हणतात. जगात सगळीकडे चालतं हे. थुंकणं म्हणजे मान."

"आम्ही याला आरडाओरडा म्हणत होतो," पिंप म्हणाला.

"तेच. फक्त पोस्टरवर पंक लिहायचं."

पोस्टरवर त्याने खाली मोठ्या अक्षरांत आणखी दोन शब्द टाकले: 'या, थुंका.' झालं. गावोगाव बोलावणी यायला लागली. एक जुनी व्हॅन आली, तिच्यात स्पीकर, ड्रम, तीन माणसं आणि कधीही न धुतलेले शर्ट, कारण धुवायचे नाहीत हा गॉगलचा नियम. व्हॅनचं दार उघडलं की पेट्रोल पंपावरचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. आई एकदा दारात उभी राहून नाकाला पदर लावून म्हणाली, "बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. तुमचे तीनच वर्षांत फिटले. पण आंघोळ करूनच आत या."

मग ताई गेली कशाला? आठ वर्षांनी लहान भाऊ, त्याला एकट्याला कसं सोडायचं, असं ती सगळ्यांना सांगायची. खोटं होतं ते. तिला आवडायचं. आठवडाभर मान खाली घालून, श्वास आवरून भिंगात बघणाऱ्या बाईला शनिवारी ती जाड तार छेडली की अख्ख्या हॉलच्या जमिनीला हादरा बसतो हे जाणवायचं, आणि त्यासाठी ती तोंड पुसत उभी राहायची. स्वतःची तिला किळस यायची ती याच गोष्टीची.

हिवाळ्यात धाकटा खोकायला लागला. एका गाण्याच्या शेवटी त्याला उबळ आली, माइक हातातच होता, आणि तो खोकला सगळ्या स्पीकरमधून घुमला. पोरं खूश. त्यांनीही खोकून दाखवलं. खाली उतरल्यावर गॉगल नाचायचा बाकी होता. "ठेव! हे ठेव! दर वेळी करायचं!" मग ती रीतच पडली. गाणं संपलं की धाकटा पहिल्या रांगेवर वाकून खोकणार, आणि पाचशे जण त्याला उलट खोकणार. आवाज घोगरा होत गेला तसे लोक म्हणायला लागले, काय आवाज आहे, जसा खाणीतून येतोय. अंगावरचं मांस उतरलं तर म्हणाले, काय दिसतो!

ताईने त्याच्या हातात डबी ठेवली. "सकाळी उठल्या उठल्या. चूळ भरायची, आणि छातीतून काढायचं."

"ताई, सुट्टीच्या दिवशी पण ऑफिस?"

"दे म्हटलं ना."

सकाळी झाकण लावलेली डबी व्हॅनच्या सीटवर ठेवलेली होती. नमुना झकास होता, जाडसर, पिवळट, हवा तसा. सोमवारी तिने स्वतः काच केली, शंभर जागा बघितल्या, मग पुन्हा शंभर. एकही लाल काडी नाही. तिच्या जिवात जीव आला. सिगारेटी कमी कर म्हणून ती त्याला बोलली आणि विषय संपला.

आता हिला लबाडी ठाऊक नव्हती असं नाही. नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने बायकोची नाहीतर शेजाऱ्याची थुंकी आणून देणारे महाभाग तिने ढिगाने पकडले होते. परक्यांना ती म्हणायची, "माझ्यासमोर काढा." घरच्याला म्हणाली नाही. घरच्यावर कोण संशय घेतं?

दोन महिन्यांनी एका कार्यक्रमात तो खोकला तेव्हा त्याच्या तळहातावर रक्त आलं. त्याने ते शर्टाला पुसलं. पहिल्या रांगेतल्या पोरांनी ते पाहिलं आणि जो काही जल्लोष केला! त्यांना वाटलं रंग आहे, नवीन काहीतरी काढलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या गच्चीवर ती डबी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "माझ्यासमोर काढ."

"अगं, मागे दिली होती की."

"माझ्यासमोर."

तो पिंपाकडे बघायला लागला. पिंप जमिनीकडे. मग पिंपच म्हणाला, "ताई, ती माझी होती गं. हा म्हणाला, टाक याच्यात, ताईची गंमत करू. मला खरंच गंमतच वाटली. आपण दर आठवड्याला हेच तर करतो."

ताईने डबी धाकट्याच्या हातात कोंबली. धाकट्याने खोल श्वास घेतला, कठड्याला धरून वाकला, आणि डबीत जे आलं ते बघूनच तिने ओळखलं. भिंग नंतरची गोष्ट.

सोमवारी काचेवर निळं कमी आणि लाल जास्त दिसत होतं. तीन प्लस. रजिस्टरमध्ये तिने स्वतःच्या भावाचं नाव लिहिलं. मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. दोन महिने. दोन महिन्यांत अठरा हॉल, सगळे बंद, आणि प्रत्येक हॉलमधल्या पहिल्या रांगेच्या तोंडावर हा वाकून खोकलेला. अंगावर उडणाऱ्या थुंकीचं तिला एवढं भय नव्हतं. हा रोग खोकल्यातून हवेत जातो आणि हवेतून छातीत, हे तिला पाठ होतं.

संध्याकाळी तालमीच्या गॅरेजमध्ये तिने कागद सगळ्यांसमोर ठेवला. "उद्यापासून गोळ्या. सहा महिने. कार्यक्रम बंद."

गॉगलने कागद उलटसुलट केला. "सव्वीस गावांचा दौरा लागलाय ताई. उरकू दे ना तेवढा. गोळ्या काय, व्हॅनमध्येही घेता येतात."

"आणि समोरची पोरं?"

"त्यांना कोण सांगतंय?" मग तो थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "किंवा... सांगूयाच की! पोस्टरवर टाकू. 'खरा टीबी.' अगं, गर्दी आवरणार नाही!"

ताईने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि ती गॅरेजच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मेल्या, माणूस आहेस का कोण आहेस तू?

धाकटा तिच्या मागोमाग आला. "ताई, हा दौरा करू दे मला. मग तू म्हणशील ते."

"मरशील."

"मी तिथून खाली उतरलो की कोण आहे गं मी? सायकलवरून पार्सलं टाकत होतो. दारं उघडायचे ते माझ्याकडे न बघता सही करायचे. पुन्हा तेच करू?"

तिलाही स्वतःबद्दल तेच विचारायचं होतं. ती म्हणाली, "आणि पहिल्या रांगेतलं कोण मेलं तर?"

तो गॅरेजच्या भिंतीला टेकला. मग म्हणाला, "शनिवारचा कार्यक्रम जाहीर झालाय. मी जातो, माइकवर सांगतो की बंद करतोय, आजारी आहे, तुम्हीही तपासून घ्या. माझं मला सांगू दे. एक सूरही वाजवणार नाही. आईशप्पथ."

तिने विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा.

शनिवारी दुपारी चारला हॉल दारापर्यंत भरलेला, गॉगलने वाद्यंही नेहमीसारखी मांडून ठेवलेली. धाकटा माइकसमोर गेला. पाचशे तोंडं 'उकिरडा! उकिरडा!' करत होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि ताईला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली तेव्हाच तिला कळलं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "एक, दोन, तीन, चार!"

ताईने त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि माइक हातात घेतला.

"ऐका. याला टीबी आहे. छातीचा. मी दवाखान्यात थुंकी तपासते, माझं कामच आहे ते. काच मी स्वतः बघितलीये. तुम्ही बाहेर जा. पुढे उभे राहणारे सगळे तपासून घ्या."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, जबराट!" आणि हॉल फुटला. हसणं, शिट्ट्या, टाळ्या. मग पाचशे जण एका सुरात खोकायला लागले.

"अरे, मी खोटं बोलत नाहीये!"

"खो-टं! खो-टं! खो-टं!" पाय आपटत, ठेक्यात. आणि वर थुंकी, सगळीकडून, तिच्या कपाळावर, ओठांवर. तीन वर्षं यांनीच शिकवलं होतं ना, की इथून जे येतं ते सगळं नाटक. आता खरं कोण ऐकणार? लांडगा आला रे आला! तिला पोरांची किळस आली, मग स्वतःची, आणि मग नुसतं रडायला आलं.

धाकट्याने तिच्याकडे बघितलंही नाही. गिटार सुरू केली.

मागून ड्रम आले नाहीत. पिंप उठला होता. त्याने काठ्या खिशात घातल्या, स्क्रू सोडवायला घेतले आणि ड्रम एकेक करून मागच्या दाराने व्हॅनऐवजी रस्त्यावर नेऊन ठेवले. ताईने बासची वायर उपटली. धाकटा एकटाच ओरडत राहिला, ठेका नाही, खर्ज नाही, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं की त्या आवाजात आता काही उरलेलं नाही. तरी शेवटी तो वाकून खोकलाच, आणि पोरांनी त्यालाही टाळ्या दिल्या. 'उकिरडा' मोडला तो असा. भांडण नाही, काही नाही.

गॉगल काय, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. त्याने दोन भाडोत्री वादक आणले. धाकटा ताईला न जुमानता त्याच्याबरोबर गेला, आणखी चार गावं झाली. पाचव्या गावी धाकटा चढायच्या आधीच पडला. भर दुपारी व्हॅन घरासमोर थांबली, गॉगलने त्याला पायरीवर बसवलं, गिटार बाजूला ठेवली, आणि आईने दार उघडायच्या आत गाडी वळवली. पुढे त्याने दुसरा बँड धरला. त्यातल्या गायकाला म्हणे आता खोकायला शिकवलंय.

गोळ्या सुरू झाल्या. धाकटा महिना-दीड महिना ताईशी एक अक्षर बोलला नाही. ती रोज सकाळी गोळ्या आणि पाणी समोर ठेवायची, तो गिळायचा, ग्लास पालथा घालायचा. चव्वेचाळीस किलो वजन. आई दोघांच्या मधून वावरायची आणि भिंतीशी बोलल्यासारखं बोलायची, "एकाच पोटची दोन, आणि तोंडं दोन दिशांना."

ताईने दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या चुकीसकट. बाईंनी आधी तिला चांगली फैलावर घेतली आणि मग रविवारी लॅब उघडायची परवानगी दिली. पिंप गावोगाव जाऊन ओळखीच्या पोरांना गाठायला लागला. "नाटक नव्हतं रे," असं दारोदार सांगत फिरला. पहिल्या रविवारी सहा जण आले, दुसऱ्या रविवारी चाळीस. हीच ती पोरं. हॉलमध्ये तिच्या तोंडावर थुंकणारी. आता हातात डबी घेऊन लाजत होती. मागच्या भिंतीआड, पाठ करून, तोंडावर हात धरून थुंकत होती, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून वळून वळून पाहत होती. डबीत बहुतेक लाळच असायची. "लाळ नको," ताई परत पाठवायची, "छातीतून काढ. घाबरू नको, बाळा." बाळा! तिचं तिलाच नवल वाटायचं.

पिंपाची आणि तिची काच निर्मळ निघाली. तपासलेल्या एकशे बारा जणांत नऊ निघाले.

नवव्या रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा धाकटा कपडे करून दारात उभा होता. धुतलेला शर्ट. "येऊ?" एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. लॅबबाहेरच्या टेबलाशी तो बसला, डब्यांवर नावं चिकटवू लागला, रजिस्टर भरू लागला. पोरं त्याला ओळखत, पण जवळ येऊन बोलायचं धाडस करत नसत. इतका वाळला होता, आणि आवाज म्हणजे नुसती फुसफुस.

दुपारी दहावा निघाला. खरं म्हणजे दहावी. सोळा वर्षांची मुलगी, सोबत आई, बहुधा कुठल्यातरी दुकानात उभं राहून काम करणारी बाई असावी, पायांत सुजलेले घोटे. ताईने दोघींना टेबलाशी बसवलं आणि गोळ्या कशा, किती दिवस, ते समजावलं. बाई ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाली, "आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाला नव्हता हो. हिला लागला कुठून?"

ताईने तोंड उघडलं. कार्यक्रम, बंद हॉल, गर्दी, असं काहीतरी ती म्हणणार होती.

"माझ्यापासून," धाकटा म्हणाला.

बाईला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

त्याने पेन खाली ठेवलं. "मी गायचो. ही पुढे उभी असायची. मला माहीत होतं, तरी मी खोकलो."

मुलगी मान खाली घालून रडायला लागली. बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मुलीची खुर्ची दोन्ही हातांनी धरून फरशीवरून ओढली आणि टेबलापासून लांब, स्वतःच्या पलीकडे नेऊन ठेवली.

आता त्याच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या, त्याची काच गेल्याच आठवड्यात निर्मळ आली होती. ताई ते सांगायला पुढे झाली, पण धाकट्याने मानेनेच नको म्हटलं. मुलीचं नाव, वय, पत्ता अर्धा लिहून झाला होता. तो त्याने पूर्ण केला, कार्ड टेबलाच्या त्या टोकाला सरकवलं, आणि उठून बाहेर अंगणात जाऊन उन्हात उभा राहिला.